गिरडकरांनो, आधारच्या अंगठ्याला कुलूप लावा!

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. आज गिरडात पीककर्ज घ्या की सिमकार्ड, आधार मागितलं जातंच. झेरॉक्स द्यायचीच तर ‘मास्क्ड’ आधारची द्या; त्यात पहिले ८ अंक झाकलेले असतात.

पण खरी काळजी अंगठ्याची. ठशाची नक्कल करून आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढल्याच्या घटना देशात घडल्यात, आणि अंगठ्यावरच्या या व्यवहाराला ओटीपी लागत नाही! आधारला मोबाईल जोडलेला असेल तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक, म्हणजे ठशाला कुलूप, फुकट करता येतं. रेशनसाठी अंगठा लावायचा असेल तेव्हा ते तात्पुरतं उघडता येतं.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. घरातल्या आजी-आजोबांचं लॉक आजच करून द्या.