सर्दी साधी, धोका मोठा

पावसाळा सुरू झाला की नवलाख उंबरे व अवघ्या मावळ परिसरात घरोघरी बालके सर्दी-खोकल्याने बेजार होतात. बहुतेक आठवडाभरात बरी होतात. परंतु ‘सिस्टिक फायब्रोसिस’ असलेल्या बालकाला हीच सर्दी महागात पडू शकते.

हा आजार आनुवंशिक आहे. त्याचे जनुक १९८९ साली सापडले. निरोगी आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असू शकतात. त्यात दोष कोणाचाच नसतो. या आजारात पेशींतील क्षारांची ने-आण बिघडते व श्वासनलिकांतील कफ घट्ट, चिकट होतो. ऱ्हायनोव्हायरस, आर.एस.व्ही. वा फ्लूच्या विषाणूमुळे श्वासनलिकांना सूज येते, कफ अधिक साचतो आणि स्यूडोमोनाससारखे जीवाणू फुफ्फुसांत ठाण मांडू शकतात. म्हणून खोकला वाढताच डॉक्टरांना दाखवावे.

हा आजार केवळ पाश्चात्त्यांचा, असा समज दीर्घकाळ होता. त्यामुळे आपल्याकडे अनेकदा दमा वा क्षय समजून उपचार होतात. सतत खोकला, वजन न वाढणे, तेलकट शौच आणि मुका घेताना त्वचा खारट लागणे ही लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांकडे घामाच्या चाचणीविषयी विचारणा करावी.

निदान झालेल्या बालकाला सहा महिन्यांच्या वयानंतर दरवर्षी फ्लूची लस द्यावी, छातीची फिजिओथेरपी सर्दीतही चालू ठेवावी व धुरापासून जपावे. सर्दी झालेल्या पाहुण्यांनी त्याला जवळ घेण्याचा मोह आवरावा; घरच्यांनी तसे सांगितल्यास त्यात अपमान मानू नये.