खर्जाची समान वाटणी

दिवाणखान्यात चित्रपटगृह उभारणाऱ्या रसिकाची पहिली तक्रार बहुधा खर्जाविषयी असते. सोफ्याच्या एका टोकाला बसलेल्याला विमानाची घरघर छातीत जाणवते, शेजारच्या आसनावर तीच जेमतेम ऐकू येते, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या वडीलधाऱ्यांना तिचा इतका भार होतो, की ते आवाज कमी करण्याचा हुकूम सोडतात. अशा वेळी अधिक मोठा सबवूफर आणला म्हणजे प्रश्न सुटेल, अशा समजुतीने पुष्कळजण खर्चात पडतात. वास्तविक दुसरा, तिसरा किंवा चौथा सबवूफर आणावयाचा तो प्रत्येक आसनाला खर्जाचा सारखा हिस्सा मिळावा म्हणून, आणि त्याबरोबर एकंदर जोर वाढतो, तो केवळ आनुषंगिक लाभ होय.

हा विषम कारभार खोलीचा आहे. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असा एक दिवाणखाना घेऊ. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला, तर पुढच्या व मागच्या भिंतींमध्ये २८.७ हर्ट्झला पहिली स्थिर लहर उभी राहते आणि ५७.३ हर्ट्झला दुसरी. रुंदीतील पहिली लहर ४३ हर्ट्झला येते. आणि उंची लांबीच्या नेमकी निम्मी असल्यामुळे जमीन व छत यांच्यामधील पहिली लहरही ५७.३ हर्ट्झवरच येऊन पडते, त्यामुळे त्या एका स्वराला दुहेरी बळ मिळते. लांबीतील पहिली लहर दोन्ही भिंतींशी तीव्र असते आणि खोलीच्या ऐन मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. दुसरी लहर पुढच्या भिंतीपासून दीड आणि साडेचार मीटरांवर लोपते. साडेचार मीटरांवर सोफा मांडणाऱ्याला तो स्वर उणा पडतो, आणि इक्वलायझरने तेथे कितीही भर घातली, तरी परावर्तित ध्वनी त्या भरीलाही त्याच प्रमाणात खोडून काढतो. अॅम्प्लिफायर मात्र नाहक तापतो.

आपल्याकडे हा मामला अधिक कठीण होतो. अमेरिकेतील अनेक घरांत लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकलेले असतात, ते किंचित थरथरतात आणि खर्जाचा काही अंश शोषून घेतात. मुंबई-पुण्याच्या सदनिकेतील विटांची वा काँक्रीटची भिंत ढिम्म हलत नाही, म्हणून येथे अनुनादाचे उंचवटे अधिक उंच होतात आणि स्वर थांबल्यानंतरही तो खोलीत अधिक काळ रेंगाळतो.

हार्मन कंपनीतील संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात नेमका हाच प्रश्न मांडला, की सबवूफर किती असले म्हणजे पुरे. त्यांचा निष्कर्ष मला या विद्येतील सर्वांत उपकारक वाटतो : आयताकृती खोलीत चार भिंतींच्या मध्यावर चार सबवूफर ठेवले तर आसनाआसनांतील तफावत पुष्कळच कमी होते, समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोनच ठेवले तरी बरेचसे काम होते, आणि चारांच्या पुढे संख्या वाढविल्याने फारसे हाती लागत नाही. त्यामागील युक्ती मोठी मनोहर आहे. आपल्या दिवाणखान्यात पुढच्या व मागच्या भिंतींच्या मध्यावर दोन सारखे सबवूफर एकाच वेळी वाजू लागले, की २८.७ हर्ट्झच्या लहरीला एक जे देतो ते दुसरा काढून घेतो, कारण त्या लहरीचा दाब दोन्ही टोकांना परस्परविरुद्ध असतो. आणि रुंदीतील ४३ हर्ट्झची लहर खोलीच्या मध्यरेषेवर शून्य असल्यामुळे तिला कोणीच चेतवीत नाही. उरतो तो ५७.३ हर्ट्झचा प्रश्न, आणि त्यासाठी साडेचार मीटरांवरचा सोफा थोडा पुढे ओढावा.

जागा मुकर्रर झाली, की मोजणीस आरंभ करावा. बैठकीत बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर तिवईवर मायक्रोफोन उभा करून, 'रूम ईक्यू विझार्ड' या विनामूल्य प्रणालीने प्रत्येक सबवूफरचे प्रत्येक आसनावर स्वतंत्र मापन घ्यावे. दोन सबवूफर आणि तीन आसने असली तर सहा आलेख होतात. घाईने दोन्ही एकत्र वाजवून एकच आलेख काढणाऱ्याला कोणता दोष कोणाचा हे कळण्याचा मार्गच उरत नाही. यानंतर पातळी आणि विलंब यांचा बंदोबस्त करावयाचा. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा एक सबवूफर दोन मीटरांनी जवळ असला, तर त्याला जवळजवळ सहा मिलिसेकंद थोपवावे, असे गणित सांगते. परंतु असे थोपविल्याने दोन भिंतींमधील ते परस्परनिवारण बिघडू शकते, आणि एका खुर्चीचे समाधान करताना बाकीच्या दोन नाराज होतात. म्हणून विलंबाचा निवाडा सर्व आसनांचे आलेख एकावर एक ठेवूनच करावा. वक्र परस्परांच्या जवळ आले, की मगच सर्व सबवूफरांना मिळून एकच इक्वलायझर लावावा, आणि त्यानेही उंचवटे तेवढे उतरवावेत. खोल खड्डे बुजविण्याच्या भरीस पडू नये.

शेवटी हा सारा समूह रिसीव्हरला एकच सबवूफर म्हणून दाखवून मुख्य स्पीकरांशी जोडावयाचा असतो. हा सांधा सामान्यतः ८० हर्ट्झला घेतात, कारण त्याखालील ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा उमगत नाही. तेथे आलेखात खाच दिसली, तर रिसीव्हरमधील सबवूफरचे अंतर थोडेथोडे बदलून ती भरून निघते का, ते पाहावे. खर्ज सपाट रेषेहून चार-सहा डेसिबल वर ठेवावयाचा की नाही, हा ज्या घरच्या त्या घराच्या रुचीचा प्रश्न आहे. मला स्वतःला थोडा चढता खर्ज भावतो. पातळी, विलंब आणि इक्वलायझरचे सर्व आकडे मात्र कागदावर उतरवून दप्तरी ठेवावेत, कारण रिसीव्हर मूळ स्थितीत परत नेण्याची वेळ आली की ते पुसले जातात, आणि सोफा हलला तर मोजणी नव्यानेच करावी लागते.