सुई टोचल्यावर कंबरदुखी कमी का होते?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून रोज लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्यांना कंबरदुखी काही नवी नाही. गोळ्यांना कंटाळून काहीजण अ‍ॅक्युपंक्चरकडे वळतात. सुईने नेमके होते काय?

सुई फिरवली की तिथे अ‍ॅडेनोसिन वाढते आणि वेदनेचा संदेश नेणाऱ्या नसा मंदावतात. उंदरांवरील प्रयोगात २०१० मध्ये हे दिसले. शिवाय मेंदूत एंडॉर्फिन, म्हणजे शरीराची स्वतःची वेदनाशामके, स्रवतात. त्यांना अडवणारे नॅलोक्सोन दिल्यावर आराम ओसरल्याचे १९७७ च्या प्रयोगात आढळले होते.

मात्र चाचण्यांत खोट्या सुयांनीही बऱ्यापैकी बरे वाटते. खऱ्या सुईचा फायदा त्याहून थोडाच जास्त! आणि सरकलेली गादी सुईने जागेवर येत नाही. पाय बधिर होत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुईचे पाकीट तुमच्यासमोरच फोडायला सांगा.