वणव्याची झळ कशात मोजायची?

फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत सातपुड्यात वणव्याचे दिवस. यावल, चोपडा, रावेर आणि धुळ्याकडच्या शिरपूरच्या डोंगरांवर साग-सालईचा पाला वाळून पडलेला असतो. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कुणी पेटवतं. ती आग हाताबाहेर गेली, की चढावर अधिकच वेग घेते. खालच्या ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात.

ही आग उपग्रहांना दिसते. त्यांच्यावरची उपकरणं ३७५ मीटरच्या चौकोनातली उष्णता टिपतात आणि डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश येतो. कुठलं जंगल वारंवार पेटतं, याचे नकाशेही याच नोंदींवरून होतात. पण नकाशावरचा ठिपका आग सांगतो, नुकसान सांगत नाही.

नुकसानीच्या धोक्याला तीन अंगं असतात: आग लागण्याची शक्यता, तिच्या वाटेत काय आहे आणि ते सोसण्याची, सावरण्याची ताकद किती. २०१८च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. तिथे वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्यांनी घरं पेटवली. म्हणून जंगल किती दूर आहे, एवढंच विचारून भागत नाही. कुडाच्या भिंतीला टेकून पऱ्हाट्या रचल्या आहेत का, चारा कुठे ठेवलाय, पाण्याचा टँकर पाड्यापर्यंत पोचेल असा रस्ता आहे का, हेही मोजावं लागतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय जोखीम निर्देशांकात अपेक्षित वार्षिक नुकसान डॉलरमध्ये काढतात आणि मग त्याला समाजाच्या दुबळेपणाची व सावरण्याच्या क्षमतेची जोड देतात. ही जोड खान्देशात फार महत्त्वाची आहे. पायथ्याच्या केळीबागेत ठिबकच्या नळ्या वितळल्या, तर आकडा चटकन लाखात जातो. पावरा किंवा तडवी आदिवासी कुटुंबाचा मोह, चारोळी, डिंक गेला, तर रुपयांत तो किरकोळ दिसतो. जंगलातल्या मोहाला सातबारा नसतो. पण त्या घराच्या वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा गेलेला असतो. माझ्या मते नुकसान रुपयांबरोबरच घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या हिश्श्यात मोजलं पाहिजे. नाहीतर आग अडवणाऱ्या जाळरेषा आधी कुठे काढायच्या, हे श्रीमंत पिकंच ठरवतील.

२००६च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभांना दिला आहे. त्यांनी दर जानेवारीत पाड्यातली घरं, चारा, मोहाची झाडं आणि पाणवठे यांची नोंद करून ती वनखात्याच्या नकाशाशेजारी ठेवावी.