चकाकीसाठी किती पोलाद घासायचं?

१९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली हे धातुतज्ज्ञ बंदुकांच्या नळ्या आतून लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होते. त्या खटाटोपातून न गंजणारं पोलाद हाती आलं, पण त्यापासून आधी सुऱ्या झाल्या. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीचं ‘मॉडेल ६०’ हे स्टेनलेस स्टीलचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर बाजारात यायला १९६५ साल उजाडलं. अंगालगत बाळगलेल्या शस्त्राला घामाने चढणारा गंज हा त्याआधी नेहमीचाच ताप होता.

जुन्या रिव्हॉल्व्हरवरचा काळा-निळा रंग हा रासायनिक प्रक्रियेने चढवलेला पातळ थर असतो. तो खरवडला गेला की खालचं पांढरं पोलाद उघडं पडतं आणि तसाच टिकाऊ रंग पुन्हा चढवायला बहुधा कारखाना किंवा कारागीर गाठावा लागतो. स्टेनलेसचं तसं नाही. ते आतबाहेर एकाच रंगाचं असतं. त्यातल्या किमान साडेदहा टक्के क्रोमियममुळे पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा संरक्षक पापुद्रा तयार होतो. घासताना तो गेला तरी हवा लागताच परत येतो. म्हणूनच अमेरिकेत असंख्य शस्त्रधारक ओरखडे पडलेलं आपलं रिव्हॉल्व्हर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच उजळतात.

सुरुवात अर्थातच सिलिंडर उघडून प्रत्येक घर रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासण्यापासून. काडतुसं खोलीतही ठेवायची नाहीत. मग मुठीच्या पट्ट्या काढायच्या, तेलकटपणा पुसायचा आणि वॉटर पेपर हातात घ्यायचा. ओरखडा खोल असेल तर ४०० नंबरचा, नाहीतर थेट ६००; पुढे ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक कागद आधीच्याला आडवा फिरवायचा. आधीच्या कागदाच्या बारीक रेघा दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं तरी दिसेनाशा झाल्या, की मगच पुढचा नंबर. इथे घाई केली तर शेवटच्या आरशासारख्या चकाकीतून त्या रेघा हटकून वर येतात. सर्वांत शेवटी फ्लिट्झ किंवा मदर्ससारखी धातूची पॉलिश सुती कापडावर घेऊन चोळतात. चारदोन हात मारताच कापड काळं पडतं. तो मळ नव्हे, ते निघालेलं पोलादच असतं!

हे काळं कापड लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पॉलिश करणं म्हणजे धातू काढणं. सपाट भागावर नुसत्या बोटांनी कागद दाबला तर कडा गोल होतात. कागदामागे लाकडाचा सपाट ठोकळा हवा. विजेवर फिरणारं बफचं चाक तर क्षणात घात करतं. कंपनीची कोरीव अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडतात. जाणकाराला ते लगेच दिसतं आणि शस्त्राची किंमत उतरते.

काही जागांना तर हातच लावू नये. घोडा आणि चाप आत जिथे एकमेकांत अडकतात ते पृष्ठभाग, काडतुसांची घरं, नळीचं तोंड, या जागी चकाकीचा काहीच उपयोग नसतो आणि बिघाड मात्र जीवघेणा ठरू शकतो. सिलिंडरच्या पुढच्या बाजूला गोळीबाराने उमटणारी काळी वर्तुळं अनेकांना खुपतात. पण सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट इंचाच्या काही हजारांश भागाइतकीच असते. तिथे वॉटर पेपर चालवला तर ती वाढते.

सगळंच रुपेरी दिसणारं स्टेनलेस नसतं, हेही पाहायला हवं. स्मिथ अँड वेसनच्याच काही हलक्या मॉडेलांचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्यावरचा संरक्षक लेप घासून गेला की परत येत नाही. साध्या लोखंडी तारेचा काथ्याही टाळावा. त्याचे कण पृष्ठभागात रुततात, गंजतात आणि दोष स्टेनलेसच्या माथी येतो.

अनुक्रमांकाच्या आसपास मात्र कागदसुद्धा नको. अनुक्रमांक पुसून टाकणं अमेरिकेत गुन्हा आहे, आणि आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसारही.

आरशासारखी चकाकी पुढे आवडेनाशी झाली, तर नायलॉनची राखाडी घासणी नळीच्या लांबीला समांतर, एकाच दिशेने फिरवली की कारखान्यातून आल्यासारखा मंद पोत परत मिळतो.