पुतळ्याच्या आतलं लोखंड

लोट्याच्या एमआयडीसीत देखभालीचं काम करणाऱ्याची नजर आधी जोडावर जाते. रसायनांची हवा, त्यात कोकणचा पाऊस. लोखंडी पाइपावर पितळी व्हॉल्व्ह बसवला की दोन धातू भिडतात तिथे पाणी मुरतं. पितळ शाबूत राहतं, लोखंड झिजतं. बोल्ट बाहेरून धड दिसतो, पाना लावला की भुगा हाती येतो.

म्हणून मुंबईला गेलो की भायखळ्याच्या राणीच्या बागेत काळ्या घोड्यापाशी मी रेंगाळतो. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला राजपुत्र १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा मुंबईला दिला. जोसेफ बोएम यांनी घडवलेला हा घोडेस्वार १८७९ मध्ये फोर्टात उभा राहिला, १९६५ मध्ये बागेत आला. लोकांनी नाव ठेवलं ते घोड्याचं, आणि तेच चौकाला चिकटलं.

असे पुतळे भरीव नसतात. मातीतल्या घडणीवरून साचा निघतो, साच्यात ओतलेलं ब्राँझ म्हणजे नुसतं कवच. सगळा भार घोड्याच्या बारीक पायांवर, त्यामुळे आत बहुधा लोखंडाचा आधार असतो. म्हणून मी पुतळ्याचा चेहरा शेवटी बघतो, आधी खूर. जुन्या ब्राँझवर पाऊस लागतो तिथे हिरवट थर येतो, आडोशाला काळा. थर घट्ट असेल तर काळजी नाही. तोच धातूला जपतो. नखाला फिकट हिरवी भुकटी लागली तर खारी हवा आत शिरली म्हणायची. सर्वांत वाईट तो खुराशी दिसणारा तांबूस ओघळ. तो ब्राँझचा नव्हे, आतल्या लोखंडाचा.

मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ती बातमी ऐकून जेवण गेलं नाही. गंजलेल्या नट-बोल्टांची चर्चा तेव्हा घरोघरी झाली. आपल्याच कोकणातल्या सासवण्याच्या करमरकरांनी घडवलेले अश्वारूढ शिवछत्रपती पुण्यात १९२८ पासून उभे आहेत. समुद्रकाठी तर काळजी दुप्पट घ्यायला हवी. पाण्याच्या निचऱ्याला भोक, दोन धातूंमध्ये वेगळेपणा राखणारा थर, आणि दर पावसाळ्याआधी व नंतर खुरांची पाहणी, एवढं निविदेतच लिहून घ्यावं. आतल्या सांगाड्याचा नकाशाही मागून घ्यावा.