यंत्राचा सावध हात

माती उपसणाऱ्या यंत्रास आपल्याकडे सर्रास पोकलेन म्हणतात. मुळात ते एका फ्रेंच कंपनीचे नाव. या यंत्राचा लोखंडी हात फार आत वळला, तर बकेट चालकाच्या केबिनवरच आदळू शकते. स्वीडनमध्ये १९८०च्या दशकात तयार झालेला, बकेटला कलविणारा व गोल फिरविणारा जोड बसविला, की हा धोका वाढतो.

अंधारातही मनुष्याचा घास तोंडातच जातो, कारण आपला हात कोठे आहे हे त्यास न पाहताच उमगते. काही नव्या यंत्रांना अशीच जाणीव दिलेली असते. हाताच्या प्रत्येक भागाचा कोन संवेदक मोजतात. ते कोन आणि त्या भागांची लांबी यांवरून संगणक बकेटच्या टोकाची जागा क्षणोक्षणी काढीत असतो. टोक केबिनजवळच्या ठरलेल्या मर्यादेपाशी आले, की हाताला बळ देणाऱ्या तेलाचा प्रवाह झडपा आवरतात. हात मंदावतो आणि थांबतो. चालकाने दांडा तसाच ओढून धरला तरी तो पुढे सरकत नाही.

या योजनेची एक नाजूक जागा आहे. बकेट काढून लांब अवजार लावले आणि घाईत संगणकास ते कळविले नाही, तर यंत्र जुन्याच लांबीचा हिशेब करीत राहते. शिवाय ही जाणीव केवळ स्वतःच्या अंगाची. शेजारी उभा असलेला मजूर या संवेदकांच्या गणितात कोठेच नसतो.